वाशिष्ठी खाडीसाठी एक समिती नेमा: मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस सादर नमस्कार.

आमच्या खाडीबद्दल कुठल्या खात्याच्या मंत्र्यांना लिहावं हे ठरेना, म्हणून थेट आपल्याला लिहितो आहे. नदी जलसंपदेकडे, कांदळवन वन विभागाकडे, जेट्टी सागरी मंडळाकडे, वाळू महसूलकडे, मासळी मत्स्यव्यवसायकडे, खारबंधारे खारभूमीकडे आणि सांडपाण्याची तपासणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. खाडीच्या एका काठाला खेड-दापोली, दुसऱ्याला चिपळूण-गुहागर. बोय आणि काळुंदर हे मासे मात्र या सगळ्यांच्या हद्दीतून रोज भरतीबरोबर वर येतात आणि ओहोटीबरोबर खाली जातात.

वाशिष्ठीची गोष्ट बहुतेक खाड्यांहून वेगळी आहे. कोयना धरणातलं पाणी मुळात कृष्णेच्या खोऱ्यातलं, पूर्वेला जाणारं. पोफळी आणि कोळकेवाडीला वीज करून ते वाशिष्ठीत सुटतं, आणि वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (अब्ज घनफूट) पाणी असं पश्चिमेला वळवण्याची मुभा आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आटतात आणि त्यांच्या खाड्या खारट होत जातात. आमच्या खाडीत भर उन्हाळ्यातही गोडं पाणी येत असतं, आणि तेही विजेची मागणी वाढेल-घटेल तसं कमीजास्त. कालवं आणि कोळंबीची पिल्लं पाण्याच्या खारटपणावर जगतात किंवा मरतात. खालच्या टोकाला पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याला वरच्या वीजगृहाचं वेळापत्रक ठाऊक नसतं. माझ्या मते खाडीच्या कुठल्याही आराखड्याची सुरुवात या अवजलापासून, म्हणजे वीज करून सोडलेल्या पाण्यापासून, व्हायला हवी. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी, जगबुडी नदीतून येणारा गाळ, काठावरचे भराव हे विषय आहेतच, पण तेही याच पाण्यात मिसळतात, म्हणून त्यांचा विचार वेगळा करता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या काठाला मेलेली मासळी लागली. आम्ही तीन कार्यालयांत अर्ज दिले. तिन्हीकडून 'हा विषय आमच्या अखत्यारीत नाही' असं उत्तर आलं. तिथल्या माणसांवर माझा राग नाही. खाडीचा सगळा विषय अखत्यारीत असलेलं कार्यालय कुठेच नाही, हे दुखणं आहे.

ओडिशानं हे करून दाखवलं आहे. गाळानं चिल्का सरोवराचं समुद्राकडचं मुख कोंडत चाललं होतं, पाणी गोडं होत होतं, मासळी घटली होती. १९९१ मध्ये चिल्का विकास प्राधिकरण स्थापन झालं. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष. पाणलोटातल्या गावांना घेऊन माती अडवली आणि सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवं मुख उघडलं. मासळी परतली. जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीतल्या धोक्यातल्या जागांमध्ये चिल्का १९९३ पासून होतं, ते २००२ मध्ये त्यातून बाहेर आलं. कोळंबीसाठी पाण्यात घातलेल्या कुंपणांवरून, म्हणजे घेऱ्यांवरून, तिथे अजून तंटे होतात, हेही मान्य. पण तंटा नेण्यासाठी तिथे एक जागा आहे.

वाशिष्ठीसाठी मी नवं खातं मागत नाही. वरची सगळी खाती, वीजगृह, औद्योगिक वसाहत, दोन्ही काठांच्या ग्रामपंचायती आणि मच्छीमार सोसायट्या यांची कायदेशीर अधिकार असलेली एकच खाडी समिती नेमा. अवजल सोडण्याआधी खाडीकाठी मोबाइलवर संदेश यावा. ठरलेल्या ठिकाणी दर महिन्याला खारटपणा आणि प्राणवायू मोजून आकडे मराठीत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावेत. जुलै २०२१ च्या महापुरानंतर गाळ काढण्याचा विषय चिपळूणच्या तोंडी आहे, आणि तो रास्त आहे. मात्र खाडीत यंत्र उतरवण्याआधी मासे अंडी कुठे घालतात हे भोई-खारव्यांना विचारा. त्यांना ते कोंड नि कोंड (खोल डोह) माहीत आहेत.

आणि समितीत बायकांना घ्या. कालवं फोडणाऱ्या, मुळे (शिंपले) वेचणाऱ्या त्याच आहेत, आणि चिखलाचा रंग-वास बदलला की आधी त्यांनाच कळतं. पहिली बैठक ठेवाल तेव्हा ओहोटीची वेळ तेवढी टाळा. त्या वेळी त्या खाडीत असतात.

आपला,
वाशिष्ठीकाठचा एक रहिवासी