स्मृतिभ्रंश म्हणजे म्हातारचळ नव्हे

संपादक महोदय,

वयस्क माणूस तेच ते विचारू लागला, ओळखीच्या वाटेवर चुकू लागला, की ‘म्हातारचळ लागला’ म्हणून मोकळे होण्याची सवय अजून गेलेली नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्हीही तेच केले आणि त्यांच्यावर चिडत राहिलो, याची खंत वाटते.

हा म्हातारचळ नसून स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूचा आजार असू शकतो; अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार, आणि त्यात मेंदूतील प्रथिने बिघडतात. प्रथिन म्हटले की आहार आठवतो. येथे मात्र दोष खाण्यात नसून पेशीत तयार झालेल्या प्रथिनाच्या घडीत असतो. अमिनो आम्लांची साखळी ठरावीक घड्या घालून विशिष्ट आकार घेते, तेव्हाच प्रथिन आपले काम करू शकते; घडी चुकलेले प्रथिन पेशी एरवी दुरुस्त करते किंवा मोडीत काढते. वयानुसार ही व्यवस्था थकते, आणि प्रौढ चेतापेशींचे विभाजन होत नसल्याने साचलेला कचरा नव्या पेशींत विभागलाही जात नाही. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत पाहिलेले पेशींबाहेरचे साठे अमायलॉइड-बीटाचे आणि पेशींतले गुंते टाऊ या प्रथिनाचे असतात, हे पुढे उलगडले. कंपवातात अशीच गाठ अल्फा-सिन्यूक्लिनची बनते.

बिघडलेले प्रथिन शेजारच्या चांगल्या प्रथिनालाही आपलेच वळण लावते, ही यातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब. प्रिऑनच्या, म्हणजे संसर्ग पसरवू शकणाऱ्या अशा बिघडलेल्या प्रथिनाच्या, रूपाने हा विचार मांडणाऱ्या स्टॅनली प्रुसिनर यांना १९९७ मध्ये नोबेल मिळाले. टाऊ व सिन्यूक्लिनही काहीसे असेच पसरतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मात्र रुग्णाच्या सहवासाने अल्झायमर होतो, असा अर्थ यातून कुणीही काढू नये. या रुग्णांना सहवासाचीच सर्वाधिक गरज असते.

लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीच अमायलॉइड साचू लागते. म्हणूनच ते काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या औषधाने, प्राथमिक अवस्थेतील रुग्णांवरच्या अठरा महिन्यांच्या चाचणीत, ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी केला, पण ऱ्हास थांबवला नाही. शिवाय काही रुग्णांत मेंदूला सूज येणे वा सूक्ष्म रक्तस्राव होणे हे दुष्परिणाम दिसले. अशा औषधांच्या बातम्यांना ‘अल्झायमरवर रामबाण उपाय’ असे मथळे देऊ नयेत आणि वेग किती मंदावला, कोणत्या अवस्थेतील रुग्णांत मंदावला व धोका कोणता, हे पहिल्याच परिच्छेदात छापावे, अशी आपणांस कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक