जमिनीशी येऊन कचरणारा चेंडू

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

तुझी चेंडूच्या अ‍ॅनिमेशनची फाइल पाहिली. चेंडू टप्पे खातो खरा, पण जमीन जवळ आली की ब्रेक लागल्यासारखा मंदावतो. म्हणूनच तो फुगा वाटतो. कीफ्रेम (चेंडूची जागा आपण ठरवून दिलेल्या फ्रेम) वाढवून हे सुटणार नाही, घोळ ईझिंगचा, म्हणजे वेग हळूहळू वाढण्या-कमी होण्याचा आहे. ब्लेंडर (आपलं अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) नव्या कीफ्रेमला ‘ऑटो क्लॅम्प्ड’ हँडल (वक्राला वळण देणारी दांडी) देतो आणि उंचीच्या वक्राच्या वरच्या-खालच्या दोन्ही टोकांना ते आडवं पाडतो. वर ते हवंच. खाली मात्र वेग सगळ्यात जास्त असायला हवा.

१ मीटरवरून पडायला ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे २४ एफपीएसला (सेकंदाला २४ फ्रेम) ११ फ्रेम. पहिल्या फ्रेमला चेंडू १ सेंमीही सरकत नाही, शेवटच्या फ्रेमला तब्बल १७ सेंमी खाली येतो. तुझ्या वक्रात ती शेवटची उडी जेमतेम २ सेंमीची आहे!

आता ग्राफ एडिटरमध्ये (जिथे हे वक्र दिसतात) फक्त झेड, म्हणजे उंचीचा वक्र उघड. कीफ्रेम १, १२, २१, ३०, ३७, ४४ वर घे. उंची अनुक्रमे १ मीटर, ०, ०.६४, ०, ०.४१, ०. (उंची ६४ टक्के झाली की वेळ ८० टक्के होतो, वर्गमुळाचा हिशोब.) जमिनीवरच्या कीफ्रेम निवडून ‘व्ही’ दाब, ‘फ्री’ कर. १२ व्या फ्रेमचं डावं हँडल त्या पडण्याच्या एक तृतीयांश वेळ मागे आणि दोन तृतीयांश उंचीवर ने. उजवंही पुढच्या उडीच्या मापानं तसंच. वरच्या कीफ्रेमची हँडल आडवीच, पण लांबी तेवढीच, एक तृतीयांश. मग वक्र नेमका पॅराबोला होतो, डोळ्यांच्या अंदाजावर काही सोडावं लागत नाही. जमिनीपाशी इंग्रजी ‘व्ही’सारखं टोक दिसलं की जमलं.

एक्सला, म्हणजे आडव्या सरकण्याला, ईझिंग देऊ नकोस. ‘टी’ दाबून लिनियर (एकसारख्या वेगाचं) ठेव. तिथे ईझ दिलंस तर चेंडू हवेत मध्येच रेंगाळतो.

दबणं फक्त टेकण्याच्या एका फ्रेमला दे: झेडचं स्केल ०.८ तर एक्स आणि वायचं १.१२, नाहीतर चेंडूतली हवा गेल्यासारखी दिसते. ओरिजिन (ज्या बिंदूपासून आकार बदलतो तो) तळाशी आण, म्हणजे दबताना तो जमिनीवरून उचलला जाणार नाही.

मागच्या लिफ्टचं ईझिंग मात्र दोन्ही टोकांना राहू दे. तिला मोटर आहे, ती सुरू होताना आणि थांबताना मंदच असते.

तुझा,
विनय