ईमेलमधला मजकूर का विसकटतो?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी अंकांची आवाहने असोत की सोसायटीच्या नोटिसा, 'मजकूर ईमेलने पाठवा' एवढेच सांगितले जाते. कसा पाठवायचा, ते नाही. मग मजकूर विसकटून पोहोचतो आणि दोष पाठवणाऱ्याच्या माथी येतो.

ईमेल म्हणजे छापील पान नव्हे. अक्षरांसोबत ती कशी दाखवायची याच्या सूचना जातात. त्यातल्या किती पाळायच्या, हे ईमेल उघडणारा प्रोग्राम ठरवतो. विंडोजवरचे जुन्या धाटणीचे आउटलुक 2007पासून हे काम वर्डच्या इंजिनाकडून करून घेते, तर जीमेल ब्राउझरकडून. वर्डमधून थेट चिकटवलेल्या मजकुराबरोबर वर्डच्या ढीगभर खुणाही जातात. त्यात ओळींचे अंतर 'एक्झॅक्टली' असे बांधलेले असेल, तर आउटलुकमध्ये रफार आणि वेलांट्या वरून छाटल्या जातात. फॉन्टही सहसा सोबत जात नाही. विंडोजवरच्या निर्मला यूआयच्या जागी अँड्रॉइडवर नोटो येतो आणि ओळी भलतीकडे तुटतात. स्पेसबार दाबून जुळवलेले जमाखर्चाचे रकाने तर हमखास कोलमडतात.

मराठीची जास्तीची डोकेदुखी म्हणजे श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांचे जुने, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणारी जागतिक पद्धत) नसलेले फॉन्ट. त्यांत टाइप केलेला मजकूर मुळात इंग्रजी अक्षरांच्या संकेतांतच साठवलेला असतो. समोर तो फॉन्ट नसेल तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. चुका तिथेच राहतात.

चिकटवताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरावे, म्हणजे सजावट सोबत येत नाही. आधीच चिकटवला असेल, तर जीमेलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबले की सजावट निघते. 'प्लेन टेक्स्ट मोड', म्हणजे नुसती अक्षरे पाठवण्याची सोय, सुचवणारे बरेच भेटतात, पण जीमेल त्यात साधारण 78 अक्षरांपाशी ओळ कायमची तोडते. मोबाइलवर मग एक ओळ लांब, एक आखूड, असा जिना तयार होतो. रकाने किंवा कवितेची विशिष्ट मांडणी महत्त्वाची असेल, तर फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ जोडावी. संपादनासाठी तोच मजकूर ईमेलमध्येही द्यावा.

आपल्या आवाहनांखाली एवढी ओळ छापता येईल: 'मजकूर युनिकोडमध्ये, सजावटीविना पाठवावा, दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडावी, मांडणी दाखवायची असल्यास पीडीएफ जोडावी.'

आपला,
एक वाचक, पुणे