सेन्सरी रूम नको, पगार दे

प्रिय अव्या,

तुझा मेल परवाच वाचला रे, पण मार्च एंड चालू आहे, ऑडिटवाला रोज उठून एक नवीन कागद मागतोय, म्हणून उत्तराला उशीर. तुमच्या कंपनीचं सीएसआरचं, म्हणजे समाजकामासाठी काढायच्या पैशांचं, बजेट उरलंय आणि तू आमच्या ऑटिझम असलेल्या मुलांच्या संस्थेचं नाव पुढं केलंस, खोटं कशाला बोलू, वाचून लय बरं वाटलं. पण तुमच्या त्या मॅडम म्हणतायत ना, सेन्सरी रूम (उजेड, स्पर्श, हालचाल यांनी मुलांना शांत करायची खोली) करून देऊ, बबल ट्यूब, झोपाळे, बॉल पूल, दारावर कंपनीची पाटी, ते नको. फुकट मिळतंय ते नको म्हणायची आमची ऐपत नाही, तरी म्हणतोय. हे पत्र त्यांना तसंच फॉरवर्ड केलंस तरी चालेल.

आमच्याकडं वस्तू पडून आहेत, माणसं नाहीत. आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन असलेली स्पेशल एज्युकेटर कोल्हापुरात मिळायची मारामार, आणि मिळाली तरी आमच्या पगारात टिकत नाही, पुण्यात जास्त देतात, जाऊ नको असं तरी तिला कुठल्या तोंडानं म्हणायचं, तिलाही घर आहेच की. पण ती गेली की तिच्याकडची मुलं बिथरतात. ऑटिझम असलेल्या कितीतरी मुलांना नवीन माणसाची सवय व्हायलाच महिने जातात, एखादा तर आधी शिकलेलं पण बंद करून बसतो. मग आया येऊन विचारतात, आमच्या ताई कुठं गेल्या? काय सांगणार, डोंबल.

आता एक सांगतो. आमच्याकडं एक 22 वर्षांचा मुलगा आहे, तो एकटा जाऊन दूध आणायला शिकतोय. डेअरी गल्लीच्या तोंडालाच आहे. पिशवी घ्यायची, दोन्हीकडं बघून रस्ता ओलांडायचा, 'अर्धा लिटर म्हशीचं' एवढं म्हणायचं, उरलेले पैसे मोजून खिशात टाकायचे. एवढं बसवायला किती दिवस गेले असतील तूच विचार कर. आमची ताई आधी हात धरून जायची, मग नुसती शेजारनं, आता विजेच्या खांबाशी थांबते, त्याला दिसणार नाही अशी. तर एकदा डेअरीवाल्या काकांकडं रुपया सुट्टा नव्हता म्हणून त्यांनी चॉकलेट दिलं. झालं! पोरगा जागचा हलेना. चॉकलेट आवडतं त्याला, पण हिशोब जुळत नव्हता ना. दोन्ही कानांवर हात, पुढं-मागं झुलायला लागला, मागं रांग, त्यात एक बाई म्हणते कशी, पिऊन आलाय वाटतं. ताई गेली, घाईनं नाही, त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आपल्या पर्समधला रुपया काकांच्या हातात दिला आणि चॉकलेट परत घेऊन हा द्या म्हणाली. त्यानं परत पहिल्यापासून मोजले, खिशात टाकले आणि निघाला घराकडं. आता काका त्याच्यासाठी गल्ल्यात सुट्टे रुपये वेगळे ठेवतात. याचा फोटो काय काढणार आणि अहवालात काय छापणार सांग? पण आमचं काम ते हेच, आणि खर्च म्हणशील तर ताईचा पगार, संपला विषय.

आणि हे 22 वय आहे ना, तिथंच सगळं अडतं. देणगीदाराला बारकी गोड पोरं पाहिजेत, दाढी आलेला मुलगा पोस्टरवर कुणालाच नको असतो. 18 झाले की बऱ्याच जणांची शाळा संपते, बँकवाले आईची सही चालणार नाही म्हणतात, मग नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली कलेक्टरांच्या समितीकडं गार्डियनशिपचा (कायदेशीर पालकत्वाचा) अर्ज करा, निरामय आरोग्य विमा काढा (लाखाचं कव्हर आहे, थेरपीचा खर्च पण मिळतो, निम्म्या पालकांना माहीतच नसतं), त्याआधी अपंगत्वाचं सर्टिफिकेट हवं, त्यासाठी गोंगाटाच्या रांगेत पोराला घेऊन उभं राहा. हे फॉर्म सध्या मीच भरतोय, रात्री जेवून झाल्यावर.

मॅडम म्हणतील पगार म्हणजे अ‍ॅडमिन खर्च, त्याला 5 टक्क्यांची मर्यादा आहे. सगळेच म्हणतात. त्यांना सांग, 2021 मध्ये सुधारलेले सीएसआरचे नियम परत एकदा वाचा, ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, प्रोजेक्ट प्रत्यक्ष राबवायचा खर्च त्यात धरत नाहीत. शिकवणाऱ्या बाईचा पगार हाच आमचा प्रोजेक्ट! स्पेशल एज्युकेशन तर कंपनी कायद्याच्या शेड्यूल 7 मध्ये, सीएसआरच्या कामांच्या यादीत, चक्क लिहिलेलं आहे. आणि एक वर्षाचं नको, ऑनगोइंग प्रोजेक्ट करा, सुरू केलेलं वर्ष सोडून पुढं तीन वर्षांपर्यंत चालतो, यंदाची उरलेली रक्कम पण त्याच्यासाठी वेगळ्या खात्यात टाकता येते, 30 एप्रिलच्या आत. म्हणजे तुमचीही 31 मार्चची पळापळ वाचली. आमचं 12ए, 80जी (करसवलतीची नोंदणी), सीएसआर-1 (सीएसआरचे पैसे घ्यायची नोंदणी) सगळं जागेवर आहे.

2 एप्रिलला जागतिक ऑटिझम दिवस आहे, त्या दिवशी यायचं म्हणतायत ना? या की, पण बॅनर आणि फुगे नकोत. मागं एक कंपनी निळे फुगे घेऊन आलेली, पाच-सहा फटाफट फुटले, आमची निम्मी पोरं टेबलाखाली आणि साहेब लोक टाळ्या वाजवतायत. त्यापेक्षा दुसऱ्या कुठल्याही साध्या वारी या, सकाळी दहाला, चहा पाजतो आणि काम दाखवतो.

मला चार माणसं पाहिजेत. दोन स्पेशल एज्युकेटर, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि एक कागदपत्रं बघणारा. बजेटची शीट सोबत जोडलीय. आकडा बघून दचकू नको, पहिल्यांदा मला फोन कर, रात्री नऊनंतर कर, दिवसा माझा फोन सायलेंट असतो.

तुझा,
सुन्या