गडकऱ्यांचं बंड आणि जमिनीचा हिशोब

संपादक महोदय,

इंग्रजांविरुद्धचं बंड म्हटलं की आपली गाडी डायरेक्ट १८५७ला जाऊन थांबते, पण त्याच्या तेरा वर्षं आधी १८४४ला कोल्हापूर संस्थानात गडकरी उठले होते ते कुणाला आठवत नाही. सामानगड, भुदरगड, पन्हाळा इथली ही पिढीजात शिबंदी, गड राखायचा आणि त्याबदल्यात इनाम जमीन कसायची. मग इंग्रजांनी नेमलेल्या दाजी कृष्ण पंडितांनी कारभार "सुधारायला" घेतला, ह्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात द्यायचं ठरलं आणि गडकऱ्यांनी सामानगडाचे दरवाजे आतून बंद करून घेतले!

काही लोक ह्याला नुसतं पोटापाण्याचं भांडण म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. वतन म्हणजे नुसती जमीन नव्हती हो, गडावरचा मान, गादीशी थेट नातं, सगळं त्यात आलं, मधे मामलेदार आला की ते नातंच तुटलं. कर्नल ओव्हान्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याला पकडून पन्हाळ्यावर कैदेत ठेवण्यापर्यंत मजल गेली ती उगाच नाही. इंग्रजांनाही हे बरोबर कळलं होतं, म्हणून तर पन्हाळा घेतल्यावर गडाचा "चार दरवाजा" नावाचा दरवाजा पाडला. आज तिथून टुरिस्टच्या गाड्या जातात, एक धड बोर्ड तरी लावा.

– एक वाचक, गडहिंग्लज