अण्णांच्या पायाच्या अँजिओबद्दल

ती. अण्णा आणि आई, सा. न.

अँजिओसाठी अण्णांच्या पायाच्या नसेत कार्बन डायऑक्साइड गॅस सोडणार म्हणून काल आई रडवेली झाली आणि मी ड्युटीवर म्हणून घाईत फोन ठेवला, तेव्हापासून चैन नाही. मी बरा आहे, जेवतोय नीट.

आई, नसेत गॅस गेला की माणूस जातो हे तू म्हणतेस ते साध्या हवेबद्दल, ती रक्तात पटकन विरघळत नाही. कार्बन डायऑक्साइड ऑक्सिजनच्या वीसपट विरघळतो आणि फुप्फुसात पोचला की श्वासावाटे बाहेर, दोन इंजेक्शनांमध्ये आम्ही दोन-तीन मिनिटं थांबतो ते त्यासाठीच. नळीत हवा राहू नये म्हणून ती आधी गॅसनेच धुऊन घेतो. एक्स-रेत नसा दिसाव्यात म्हणून नेहमी सोडतात ती आयोडिनची डाय किडनीवाटे जाते आणि अण्णांचं क्रिएटिनिन वाढलंय, म्हणजे किडनी नीट काम करत नाहीये, म्हणून डॉक्टरांनी डायऐवजी हा गॅस सुचवला. हृदयाच्या, मेंदूच्या धमन्यांत हा गॅस सोडत नाहीत, पायाला चालतो. तो रक्तापेक्षा हलका, वर तरंगतो, म्हणून पाय थोडे उंच करतील, अण्णा घाबरू नका. पोटरीखाली चित्र पुसट आलं तर थोडी डाय लागते, तेव्हा नाही म्हणू नका. मी रोज हेच करतो गं, ऐकीव सांगत नाही. अमेरिकेतल्या याच आमच्या गेन्सव्हिलमध्ये डॉ. हॉकिन्सनी 1971 साली धमनीत हा गॅस वापरायला सुरुवात केली.

इथली एक गोष्ट मात्र अजून पचत नाही. पेशंट एकटाच येतो, पण नंतर त्याला एकट्याला सोडत नाहीत, झोपेचं औषध दिलेलं असतं ना, टॅक्सीसुद्धा चालत नाही, ओळखीचं मोठं माणूस लागतं, त्याचा नंबर आधीच लिहून घेतात, कोणी नसेल तर सरळ पुढची तारीख. आपल्याकडे अर्धी आळी डबे घेऊन जिन्यात बसलेली असते. परवा एका आजोबांना न्यायला शेजारीण आली होती, मुलगा दुसऱ्या राज्यात, फोनवर मला सारखा थँक्यू म्हणत होता. मला काही बोलताच येईना.

अण्णांसोबत मामा येईल, मी बोललोय. ऐंशी हजार पाठवलेत, आधी हॉस्पिटलचे भरा, सोसायटीचा हप्ता मी पुढच्या महिन्यात बघतो. सुट्टी एकदाच मिळतेय, ती डिसेंबरला धाकटीच्या लग्नासाठी ठेवलीय, दोन्हीला यायला खरंच जमत नाहीये आई. माझ्या स्थळाचं तेव्हा बघू. अण्णा, तंबाखू आता सोडा.

तुमच्या सकाळी इथे रात्र असते, मी जागाच असेन, आत न्यायच्या आधी फोन करा.