दुभाषी पोरं आणि आपले रिव्ह्यू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत स्थलांतरित कुटुंबांवरच्या कादंबऱ्यांबद्दल जो लेख आलाय तो वाचला, आवडला पण, तरी एक गोष्ट खटकली म्हणून लिहायला बसलोय. लेखात तीनदा "ना इथली ना तिथली" असं आलंय. अशा कादंबरीत शाळकरी मुलगी दिसली रे दिसली की आपण हे लेबल चिकटवून मोकळे. मास्तर तिचं नाव चुकीचं उच्चारतात, डबा उघडायची तिला लाज वाटते, घरी एक भाषा आणि बाहेर दुसरी, शेवटी आजीआजोबांच्या देशात एक फेरी अन् विमानतळावर रडारड. झालं. आता काही लेखकच साच्यातून काढल्यासारखं लिहितात हे पण खरंय, त्याला काय करणार.

पण चांगल्या कादंबरीत खरी भानगड वेगळीच असते. पोरं नवी भाषा भराभर उचलतात, आईबाप मागे राहतात, मग दहा-अकरा वर्षांचं पोरगं डॉक्टरला आईचं दुखणं सांगतं, घरमालकाशी भाड्याचं बोलतं, आणि शाळेतून आलेलं स्वतःच्याच तक्रारीचं पत्र बापाला वाचून दाखवतं (त्यातलं काय गाळायचं ते त्याचं त्यानेच ठरवायचं, बोला!). घरात ज्याच्यावर आवाज चढवतो त्याच पोराच्या तोंडाकडे बघत बाप सरकारी ऑफिसच्या काउंटरपाशी गप्प उभा राहतो. आईच्या आजारातले जे शब्द मुलाच्या कानावरही पडू नयेत ते त्यालाच बोलावे लागतात. पोरगं मोठं होतं ते तिथं. "मी कोण" हा प्रश्न निवांत बसून पडायला त्याला वेळ कुठंय, आधी आईला काय म्हणायचंय ते बघायचं. लेखात यावर एक ओळ नाही.

दुसरं, आयडेंटिटी क्रायसिस (म्हणजे "मी नक्की कोण" हा पेच) हा शब्द लेखात सढळ हाताने वापरलाय. तो ज्यांनी रूढ केला ते मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन, त्यांचीच गोष्ट बघा ना. जन्म 1902 चा, फ्रँकफर्टचा, आई डॅनिश ज्यू, खरा बाप कोण ते कधी कळलंच नाही, आडनाव सावत्र वडलांचं. ज्यू पोरं त्यांना गोरे-घारे दिसतात म्हणून चिडवायची आणि शाळेतली बाकीची पोरं ज्यू म्हणून. 1933 ला अमेरिकेत गेले आणि तिथलं नागरिकत्व घेताना आडनाव बदलून एरिक्सन केलं, म्हणजे एरिकचा मुलगा, स्वतःच स्वतःचा! त्यांचं म्हणणं असं की ओळख आतून घडते तितकीच समोरचे आपल्याला कोण म्हणून बघतात त्यावरही ठरते. मग आपण सगळा हिशोब त्या पोरीकडेच का मागतो? "तू मूळची कुठली" असं दर आठवड्याला विचारणारे शेजारी, आणि इकडून "संस्कृती जपली की नाही" बघणारे आपण, आपलं काहीच नाही का त्यात?

मार्कस ली हॅन्सन हे अमेरिकन इतिहासकार, स्वतः स्थलांतरितांचा मुलगा, 1937 च्या एका भाषणात म्हणाले होते की मुलाला जे विसरायचं असतं ते नातवाला आठवायचं असतं. दर वेळी असंच होतं असं मला नाही वाटत, पण त्यात एक आहे, ती विसरण्याची धडपडही घरातलीच मानलीय, गद्दारी नाही.

हे सगळं पुस्तकी वाटेल म्हणून घरचं सांगतो. माझी भाची परदेशात वाढली. तिचा फोन आला की आमच्याकडे सगळे तिचे उच्चार सुधारायला बसायचे, "ळ म्हण, ळ", आणि ती काय सांगत होती ते राहूनच जायचं. मी पण त्यातलाच. आता ती फोन करत नाही, मेसेज टाकते. त्यात उच्चार कळत नाहीत.

आपला,
एक जुना वाचक